साथ ओसरल्यानंतर : प्रवास, करमणूक आणि नित्यजीवन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे ही साधी गोष्ट नव्हे. पहिल्या पिढीने लावलेले रोप दुसऱ्या पिढीने जपावे आणि तिसऱ्या पिढीने त्याच्या सावलीत बसून पुढचा विचार करावा, असे भाग्य फार थोड्या संस्थांना लाभते. त्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन.

सुवर्णमहोत्सव म्हणजे सिंहावलोकनाची वेळ. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकांत वर्षवार कार्यवृत्तांत असतो. कोणत्या वर्षी सभागृह बांधले, कोणत्या वर्षी शिष्यवृत्ती सुरू झाली, कोणत्या वर्षी आरोग्य शिबिर भरले, हे सारे त्यात येते. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांपाशी आले की बहुतेक वृत्तांत एका वाक्यात आटोपतात : ‘कोरोनाच्या प्रादुर्भावामुळे नियोजित कार्यक्रम होऊ शकले नाहीत.’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. ज्या दोन वर्षांत काहीच घडले नाही असे आपण लिहितो, त्याच दोन वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या घरात बरेच काही घडले. आजचा विषय मी त्यासाठीच निवडला आहे. महामारी माणसाच्या प्रवासावर, करमणुकीवर आणि नित्यजीवनावर कोणता परिणाम करते, आणि साथ ओसरल्यानंतर त्यातले काय लक्षात ठेवावे, याचा विचार आपण करू या.

मागील दोन साथी

महाराष्ट्राला महामारी नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. पाहता पाहता शहरातील लाखो लोक घरदार सोडून गावाकडे निघाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, मुंबई बंदरातून निघणारी हज यात्रा स्थगित झाली. पुण्यात तपासणीसाठी लष्कराचे शिपाई घराघरांत शिरले. लोक आजाऱ्याला लपवू लागले, कारण रोगाइतकीच त्यांना तपासणीचीही धास्ती वाटू लागली. २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला हा त्याच असंतोषाचा स्फोट होता.

त्याच साथीची दुसरी बाजूही आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपल्या लोकांसाठी स्वतंत्र रुग्णालये उघडली. ओळखीची माणसे, ओळखीची भाषा आणि आपल्या पद्धतीचे अन्न मिळू लागल्यावर रुग्णालयाची भीती कमी झाली. बळजबरीने जे साधले नाही ते विश्वासाने साधले, हा या साथीचा धडा होय.

त्यानंतर १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या या तापाने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे जनगणनेत आढळले. असे त्यानंतर कधीही घडलेले नाही. एवढा मोठा आघात. पण त्याचे स्मारक कोठे आहे? प्लेगच्या आठवणी राजकीय इतिहासाशी जोडल्या गेल्या म्हणून टिकल्या. मानमोडी मात्र आजीच्या बोलण्यातील एका शब्दापुरती उरली. २०२० मध्ये आपण चाचपडत होतो, त्याचे एक कारण हे विस्मरणही होते.

प्रवास : ज्याच्या पायांवर त्याचे पोट

साथ माणसाबरोबर प्रवास करते. म्हणून तिचा पहिला घाव प्रवासावर पडतो. प्लेग जहाजातून बंदरात उतरला आणि आगगाडीने अंतर्भागात गेला. मानमोडी सैनिकांच्या जहाजांबरोबर फिरली. कोरोना विमानाने आला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले, ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. दोनच दिवसांनी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महामारी म्हटले. पूर्वी ज्या अंतराला महिने लागत, ते अंतर रोगाने आता काही तासांत कापले. वाहन जितके वेगवान, तितकी सावधगिरीला मिळणारी सवड कमी.

२२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि त्याच रात्री मुंबईची लोकल थांबली. पाऊस, संप, अपघात, बॉम्बस्फोट यांतूनही दुसऱ्या दिवशी उठून धावणारी ही गाडी सर्वसामान्यांसाठी कित्येक महिने धावली नाही. जून २०२० मध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सर्वांना ती मर्यादित वेळेत खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ ला. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना पास मिळू लागले. लोकल थांबली म्हणजे केवळ कचेऱ्या थांबल्या असे नव्हे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडून आलेल्या डबेवाल्यांचा धंदा थांबला आणि त्यांतील अनेकांनी गावाची वाट धरली. उपनगरातून पहाटे भाजी आणणारी बाई, दादरच्या फुलबाजारात टोपली घेऊन येणारा माळी, धुणीभांड्यांसाठी दोन स्थानके ओलांडून येणारी बाई, या सर्वांचे पोट त्या रुळांवर होते.

प्रवास हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सहल, तीर्थयात्रा, परदेशवारी हाही प्रवास. आणि पोटासाठी केलेली ये-जा हाही प्रवासच. महामारीने या दोहोंतील फरक लख्ख दाखवून दिला. पहिला प्रवास रद्द झाला तेव्हा तिकिटाचे पैसे परत मिळण्याची चिंता होती. दुसरा बंद झाला तेव्हा चूल पेटण्याची चिंता होती. महामार्गांवरून डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन चालणारी माणसे आपण पाहिली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) करमाड येथे रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून निघालेल्या त्या माणसांना भुसावळ गाठून आपल्या राज्यात जाणारी गाडी पकडायची होती. प्रवासी गाड्या बंद आहेत, म्हणून रूळ मोकळे आहेत असे त्यांना वाटले असेल. १ मे पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या. एसटीच्या गाड्यांनीही मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत विनामूल्य पोहोचवले. पण गाडी सुरू होणे आणि गाडीची वार्ता गरजवंतापर्यंत पोहोचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संकटात मदतीइतकीच माहितीही गरजेची असते.

प्रवासाच्या याच बंदीत रेल्वेने आणखी एक कामगिरी बजावली, तीही नोंदवली पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूचा तुटवडा पडला तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला गेली आणि भरलेले टँकर घेऊन नागपूर-नाशिककडे परतली. माणसांनी घरी थांबावे आणि प्राणवायूने प्रवास करावा, असे ते दिवस होते.

करमणूक आणि उत्सव

करमणूक ही चैन आहे, अशी आपली समजूत असते. त्यामुळे संकटात सर्वांत आधी ती बंद होते आणि सर्वांत शेवटी सुरू होते. नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली. चित्रपटगृहांना नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांनिशी परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी तिसरी घंटा पुन्हा वाजली. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही काही महिन्यांची उणीव होती. पण पडद्यामागे नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनेची वायर ओढणारा, वेशभूषेच्या पेट्या वाहणारा कामगार प्रयोगागणिक मोबदला घेतो. प्रयोग नाही तर मोबदला नाही.

तमाशाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, आणि त्यातील खरी कमाई चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रांची असते. नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावचे पुढारी तेथे येऊन सुपाऱ्या देतात. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला आला, म्हणजे नेमका टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी. पुढच्या वर्षीच्या पाडव्याला दुसरी लाट उभी होती. लागोपाठ दोन वर्षे जत्रा गेल्या. वर्षभर कलावंतांना सांभाळणाऱ्या फडमालकाची उचल तशीच अंगावर राहिली. ज्यांच्या कलेला आपण लोककला म्हणून गौरवतो, त्यांच्या घरी त्या दोन चैत्रांत काय शिजले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

घरात अडकलेल्या मनांना विरंगुळा हवाच होता. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने जुनी ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा तीन पिढ्या एकत्र बसल्या. मैदानी खेळांचीही तीच गत झाली. टोकियोचे ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले; आयपीएलचे सामने संयुक्त अरब अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाले. नाशिकचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्चऐवजी डिसेंबर २०२१ मध्ये भरले. मोबाइलच्या पडद्यावर व्याख्याने, कवितावाचने, मैफली रंगू लागल्या. त्यांतून दूरदेशीची नातवंडे आणि येथील आजोबा एका वेळी एकच कार्यक्रम पाहू शकले, हा लाभ लहान नाही. परंतु दाद देणारी टाळी त्या पडद्यात नव्हती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसाबरोबर एकाच क्षणी हसणे किंवा डोळे पुसणे, हा समूहजीवनाचा संस्कार आहे. करमणूक चैन नसून माणसाला माणसात ठेवणारी गरज आहे, हे आपल्याला तिच्या अभावात कळले.

उत्सवांचेही रूप पालटले. शेकडो वर्षे पायी चालणारी पंढरीची वारी २०२० आणि २०२१ मध्ये पायी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या सजवलेल्या गाड्यांतून, मोजक्या मानकऱ्यांसह पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी घरच्या उंबऱ्यालाच पंढरी मानले. लालबागच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना न करता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवले. आपल्या पर्युषण पर्वाबाबत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने पर्वाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील मंदिरे अटींसह उघडण्यास अनुमती दिली. इतर सर्वत्र क्षमापना घरातून, दूरध्वनीवरून झाली. वारी असो, गणेशोत्सव असो की पर्युषण, प्रत्येक समाजाला त्या वर्षी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले : आपल्या परंपरेचा गाभा कोणता आणि गर्दी कोणती? ज्यांनी हे उत्तर शांतपणे शोधले, त्यांच्या परंपरेला बाधा आली नाही. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी चालू लागली.

नित्यजीवन : उंबऱ्याच्या आत

आता घराकडे वळू या. मुखपट्टी, साबण, सहा फुटांचे अंतर, हे शब्द आता जुने वाटतात. दारातून परतणारे पाहुणे, धुऊन घेतलेली भाजी, दाराबाहेर ठेवलेली पिशवी, बंद सोसायटीच्या फाटकावरचे वाद, हेही आपण विसरत चाललो आहोत. लग्नाला प्रथम पन्नास माणसांची आणि एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसांची व दोन तासांची मर्यादा आली. पत्रिकांच्या थप्प्या, जेवणावळी, आहेर, मानपान यांवाचूनही विवाह विधिवत होतो, असे त्या काळात सिद्ध झाले. साथ ओसरताच आपण पुन्हा जुन्या थाटाकडे वळलो, हा विचार करण्याजोगा भाग आहे. मध्यमवर्गीय पित्याच्या डोक्यावरचे ओझे हलके करण्याची एक संधी काळाने दिली होती; ती आजही हातची गेलेली नाही.

परंतु दुसरी मर्यादा विसरण्याजोगी नाही. अंत्ययात्रेला वीस माणसे. ज्या समाजात शेजारच्या घरी मृत्यू झाला तर आपल्या घरी चूल पेटत नाही, तेथे मुलाला पित्याचे मुख पाहता आले नाही. सांत्वनाला येणारी पावले थांबली. दुःख वाटून घेण्याच्या ज्या रीती पिढ्यान्पिढ्या सिद्ध झाल्या होत्या, त्या सर्व एकाएकी निरुपयोगी ठरल्या. महाराष्ट्रात या साथीने एक लाख ४८ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. त्या प्रत्येक आकड्यामागे असे एक अपुरे राहिलेले सांत्वन आहे. आपल्या परिचयातील अशा कुटुंबांकडे आज गेलो, केवळ बसलो आणि गेलेल्या माणसाविषयी बोललो, तरी ते उशिराचे ठरणार नाही.

मुलांचे नुकसान निराळ्या प्रकारचे. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ मध्ये दहावी-बारावीची परीक्षाच झाली नाही. शाळा मोबाइलवर आली. ज्या घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरातील मुलांची शाळा रात्रीच भरे. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, अनेक शिक्षकांनी ओट्यावर, झाडाखाली वर्ग घेतले. तरीही लिहिण्या-वाचण्याच्या वयातील बालके शाळेच्या पायरीवाचून राहिली. प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. पहिलीत पाऊल टाकायचे ते मूल एकदम दुसरी-तिसरीत बसले. ही मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. त्यांच्यापैकी कोणी वाचनात अडखळत असेल, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी गुणांच्या टक्केवारीबरोबर ही बाबही ध्यानात घ्यावी.

घरातील स्त्रीविषयी दोन शब्द. सर्व माणसे घरी असणे म्हणजे पुरुषांना सुट्टी आणि स्त्रीला तिप्पट काम, असा अनेक घरांचा हिशेब होता. मोलकरीण येत नव्हती, मुलांची शाळा घरात, पतीची कचेरी घरात आणि स्वयंपाकघर दिवसभर चालू. काही घरांत पुरुषांनी प्रथमच केर काढला, भांडी घासली, भाजी चिरली. ते कौतुक छायाचित्रांपुरते न राहता सवयीत उतरले असेल, तेथे महामारीने एक चांगली गोष्ट मागे ठेवली असे म्हणता येईल.

विस्मरण नको, नोंद हवी

मार्च २०२० मध्ये सुरू झालेले निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर उठवले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुन्हा गाड्या भरल्या, सहली निघाल्या, नाट्यगृहांवर ‘हाउसफुल्ल’चे फलक लागले. हे योग्यच आहे. मनुष्य विसरतो म्हणूनच तो पुन्हा हसू शकतो. परंतु व्यक्तीने दुःख विसरावे, संस्थेने अनुभव विसरू नये. १८९७ चा कायदा १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कपाटातून काढून वापरता आला, कारण तो लिहिलेला होता. त्या वेळच्या सामान्य माणसाने घर कसे चालवले, आजाऱ्यापर्यंत जेवण कसे पोहोचवले, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून ते आपल्या उपयोगी पडले नाही.

या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी चार गोष्टी सुचवू इच्छितो.

पहिली, या दोन वर्षांची सविस्तर नोंद करावी. कोणाच्या घरी शिधा गेला, कोणी रुग्णवाहिका चालवली, कोणी स्मशानात उभे राहून अपरिचितांचे अंत्यसंस्कार केले, कोणत्या मदतीत दिरंगाई झाली आणि का, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून आजच लिहवून घ्यावे. दहा वर्षांनी सांगणारे राहणार नाहीत. दुसरी, परिसरात एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी जात-धर्म न पाहता तयार ठेवावी आणि दर वर्षी ती तपासावी. औषधे कोणती, मुले कोठे, हाकेला धावून येणारा शेजारी कोण, एवढे लिहिलेले असले तरी संकटाच्या पहिल्या आठवड्यात मोठे काम होते. तिसरी, संस्थेच्या निधीचा एक लहान हिस्सा ज्यांची रोजची कमाई एका दिवसात थांबू शकते अशांसाठी राखून ठेवावा. शासनाने शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आणली आणि पुढे काही काळ विनामूल्य दिली. पण थाळीच्या केंद्रापर्यंत जे पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यापर्यंत वस्तीतल्या माणसांनाच जावे लागले. चौथी, खरी माहिती पोहोचवण्याची जबाबदारी विश्वासू माणसांवर सोपवावी. प्लेगच्या काळी आणि कोरोनाच्या काळीही अफवा रोगापेक्षा वेगाने धावली. ज्याच्या शब्दावर गल्ली विश्वास ठेवते, असा एक माणूस शंभर पत्रकांचे काम करतो.

मित्रहो, पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल एवढे मात्र इतिहास सांगतो. त्या वेळी आजची बालके कर्ती झालेली असतील. ती या संस्थेचे जुने दप्तर उघडतील, तेव्हा २०२० आणि २०२१ या वर्षांच्या पानांवर केवळ ‘कार्यक्रम झाले नाहीत’ एवढेच वाक्य त्यांना सापडू नये. आपल्या आजी-आजोबांनी काय सोसले, काय सोडले आणि एकमेकांना कसे धरून ठेवले, ते त्यांना तेथे वाचायला मिळावे. पन्नास वर्षांच्या संस्थेकडून पुढील पन्नास वर्षांना याहून उपयुक्त भेट दुसरी नसेल.